‘फार नाही’ म्हणजे किती?



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका काकांनी मला विचारलं, “तू नक्की करतोस तरी काय रे?” या गावात येऊन मला पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात मी ‘सॉफ्टवेअरमधला नाही’ इतकीच माझी ख्याती आहे. पुढे बटाट्याच्या भाजीचं पातेलं, मागे श्रीखंडासाठी ढकलाढकली करणारी मुलं. अशा ठिकाणी माणूस जेवढं सांगू शकतो तेवढं मी सांगितलं. म्हटलं, “काका, मी चाळण्या बनवतो.” काका मनापासून हसले. “म्हणजे एवढं शिकून, अमेरिकेत येऊन, चाळण्या?”

हे आमच्या संपादिकाबाईंनी ऐकलं आणि तिथल्या तिथे लेख मागितला. गेली तीन वर्षं मी त्यांना चुकवत होतो, यंदा सापडलो. पण मी सांगितलं ते खोटं नव्हतं. आणि या चाळणीपायी माझ्या मनात गेली काही वर्षं एक प्रश्न अडकून बसला आहे. तो तुमच्यासमोर मांडावा म्हणून हा खटाटोप.

आधी चाळणी. आपण एक्स-रे काढतो किंवा सीटी स्कॅन करतो तेव्हा नळीतून निघालेले किरण शरीरातून आरपार जातात आणि पलीकडच्या डिटेक्टरवर पडतात. पण सगळेच सरळ जात नाहीत. काही आत कशाला तरी आपटतात आणि दिशा बदलून बाहेर पडतात. असा भरकटलेला किरण डिटेक्टरवर भलत्याच जागी पोचतो आणि आपण सरळच आलो असं भासवतो. अशा खोट्या साक्षीदारांची गर्दी झाली की चित्रावर धुकं पसरतं आणि त्या धुक्यात बारीकशी गाठ लपून जाते. म्हणून डिटेक्टरच्या पुढ्यात उभ्या भिंतींची एक जाळी बसवतात. सरळ आलेला किरण दोन भिंतींच्या मधून निघून जातो, तिरका आलेला भिंतीवर आपटून तिथेच संपतो. भिंती सगळ्या एकाच बिंदूकडे रोखलेल्या असाव्या लागतात, म्हणजे साधारण एक मीटरवर असलेल्या किरणांच्या उगमाकडे. कीर्तनाला अर्धवर्तुळात बसलेली मंडळी जशी सगळी बुवांच्या तोंडाकडे बघत असतात, तशी. त्यामुळे प्रत्येक भिंतीचा कल शेजारणीपेक्षा केसभर वेगळा.

ही कल्पना जुनी आहे. राँटगेनला एक्स-रे सापडले १८९५ साली. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९१३ मध्ये, बर्लिनच्या गुस्ताव्ह बकी नावाच्या डॉक्टरने पहिली जाळी बनवली. (हे बकी पुढे अमेरिकेत आले. आइन्स्टाइनशी त्यांची दाट मैत्री होती आणि दोघांनी मिळून १९३६ साली आपोआप प्रकाश जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंटही घेतलं. आइन्स्टाइन पेटंट ऑफिसात कारकुनी करत होते हे आपण मुलांना सांगतो, हे मात्र कुणी सांगत नाही.) बकींच्या जाळीने धुकं गेलं, पण जाळीची स्वतःची सावली फिल्मवर उमटू लागली. डॉक्टरला छातीच्या जोडीला जाळीही दिसायची. त्यावर तोडगा काढला आपल्या शेजारच्या शिकागोतल्या हॉलिस पॉटर यांनी. चित्र घेतलं जात असताना त्यांनी जाळीच हलती ठेवली. त्यामुळे सावली एका जागी न पडता सगळीकडे सारखी पसरली आणि दिसेनाशी झाली.

पॉटरसाहेबांची ही युक्ती ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

सीटी स्कॅनमध्ये पूर्वी या भिंती म्हणजे टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या पातळ पट्ट्या असत, खाचांमध्ये एकेक करून बसवलेल्या. सगळ्या एकाच दिशेने. डिटेक्टर अरुंद होता तोवर तेवढं पुरत होतं. पण स्कॅनर रुंद होत गेले. २००७ मध्ये तोशिबाने एका फेरीत १६ सेंटिमीटर पट्टा टिपणारा, ३२० ओळींचा स्कॅनर आणला. रुंदी वाढली की दुसऱ्या दिशेनेही भरकटलेले किरण येऊ लागतात. मग आडव्या-उभ्या दोन्ही भिंती हव्यात, म्हणजे खरोखरीची चाळणी हवी. ती बनवायची कशी? टंगस्टन सगळ्या धातूंत उशिरा वितळणारा, ३४२२ अंश सेल्सिअसला. ओतकाम अशक्यप्राय. थंड असताना ठिसूळ, त्यामुळे कोरायला जावं तर तडकतो. पण घनता शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट, म्हणून पातळ भिंतीलाही किरण अडवायला त्याच्याइतका चांगला धातू विरळा.

इथे आमचं थ्रीडी प्रिंटिंग आलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी रांगोळी आठवावी. टंगस्टनची अतिशय बारीक पूड एका पत्र्यावर पसरायची, थर साधारण ३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून कमी. त्यावर लेसरने जाळीचं चित्र काढायचं. जिथे लेसर फिरला तिथली पूड वितळून घट्ट होते. मग त्यावर नवा थर आणि त्याच रेघांवर पुन्हा लेसर. २० मिलिमीटर उंचीची जाळी व्हायला साडेसहाशेच्या वर रांगोळ्या एकीवर एक काढाव्या लागतात, तेही ऑक्सिजन शिरू नये म्हणून आरगॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत. शेवटी उरलेली पूड झटकून जाळी पत्र्यापासून वायरकटवर कापून घ्यायची. भिंतीची जाडी सुमारे १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग.

आता माझी कबुली.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे चाळीस जाळ्यांचा एक लॉट निघाला. मोजणीत दिसलं की त्यातल्या अकरा जाळ्यांच्या एका कडेच्या भिंती ०.१ अंशाने कललेल्या आहेत. ड्रॉइंगमध्ये चालणारी मर्यादा त्याच्या निम्मी होती. ०.१ अंश म्हणजे काय? २० मिलिमीटर उंच भिंतीचा वरचा काठ ३५ मायक्रॉनने सरकलेला. डोळ्यांना दिसायचा नाही, बोटाला लागायचा नाही.

अशा वेळी कारखान्यात एक कागद निघतो. भाग ड्रॉइंगप्रमाणे नाही, मग त्याचं काय करायचं? टाकायचा, दुरुस्त करायचा, की ‘आहे तसा वापरायचा’? सही माझी लागणार होती. ग्राहक थांबलेला, पुढचा लॉट निघायला तीन आठवडे. आणि माझ्या हातात एक भक्कम मुद्दा होता. स्कॅनर रोज सकाळी रिकामा चालवून बघतात. कुठल्या घरात किती उजेड पोचतो याची नोंद होते आणि दिवसभराच्या प्रत्येक चित्रात तो फरक गणिताने भरून काढला जातो. कललेल्या भिंतीची सावली या दुरुस्तीत पुसली जाणार होती. चित्र बघून जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकला नसता की जाळी वाकडी आहे. कागदावर ‘रुग्णावर परिणाम’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, ‘नगण्य’. सही केली आणि मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धेला गेलो.

पुढच्या महिन्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सांगलीहून फोन आला. खोकला जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मिरजेला जाऊन छातीचा सीटी स्कॅन करून यायला सांगितलं होतं. अण्णांनी कुपवाडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेली. त्यांचे प्रश्न नेमके असतात. “त्यात रेडिएशन किती असतं रे? तू त्यातलाच ना?”

मी म्हटलं, “फार नाही हो, अण्णा.”

“फार नाही म्हणजे किती?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण फोन ठेवल्यावर गणित करत बसलो. माझ्या जाळीचं एक घर एक मिलिमीटरचं. त्यातलं ०.९ मिलिमीटर उघडं. भिंत कलली की ३५ मायक्रॉन सावली आत येते, म्हणजे उघड्या जागेच्या जवळजवळ चार टक्के. छातीच्या सीटीत साधारण ६ मिलिसिव्हर्ट डोस जातो. सगळीच घरं तशी कललेली असती, तर तेवढंच स्वच्छ चित्र मिळवायला चार टक्के जास्त किरण लागले असते, म्हणजे पाव मिलिसिव्हर्ट. निसर्गातून आपल्या प्रत्येकाला वर्षाला ३ च्या आसपास मिळतंच, तेव्हा हे एका महिन्याइतकं झालं. एका माणसाच्या आयुष्यात खरोखरच नगण्य.

मग मला सलत काय होतं?

सलत होतं ते असं. जाळी रुग्णाच्या पलीकडे असते. किरण आधी माणसाच्या अंगातून जातात, मग जाळीपाशी येतात. त्यामुळे माझ्या वाकड्या भिंतीने जो किरण अडवला, त्याची किंमत रुग्णाने आधीच मोजलेली असते. ती त्याच्या फुफ्फुसाने मोजली, हाडाने मोजली. त्या बदल्यात त्याला चित्राचा एक कण मिळायचा होता, तो मी वाटेत गिळला. सॉफ्टवेअर सावली पुसतं, पण गिळलेला किरण परत आणत नाही. ते उरलेल्या किरणांना गुणून आकडा जुळवून देतं, तेवढंच. जमाखर्च जुळतो, पैसे मात्र गेलेले असतात. आपल्या घरांत ताटात टाकू नये म्हणतात. ते आपल्याच ताटाबद्दल झालं. हे तर दुसऱ्याच्या ताटातलं सांडणं, आणि वर त्याला कळूही न देणं.

लहानपणी आजी एक गोष्ट सांगायची. गुरूने शिष्यांना एकेक केळं दिलं आणि सांगितलं, कुणी पाहत नसेल तिथे जाऊन खा. सगळे खाऊन आले, एक जण तसाच परत आला. म्हणाला, देव सगळीकडे पाहतो, खाऊ कुठे? कर्नाटकात ही गोष्ट कनकदासांची म्हणून सांगतात. मला ती नेहमी थोडी अपुरी वाटते, कारण त्या केळ्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. प्रश्न फक्त पाहण्याचा होता. माझ्या बाबतीत कुणी पाहो न पाहो, पलीकडे एक माणूस आहे. तो कोण, कुठल्या गावचा, मला कधीच कळणार नाही, आणि मी कोण हे त्याला. देव नसला तरी तो असतोच.

पण मग पॉटरसाहेबांचं काय? त्यांनीही सावली लपवलीच की! त्यांच्या हलत्या जाळीच्या पट्ट्या तेवढेच किरण अडवत होत्या, फक्त खूण मागे ठेवत नव्हत्या. मग मी तेवढा अपराधी आणि ते मोठे संशोधक, असं कसं? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. खरं म्हणजे कुठलीच जाळी फुकट काम करत नाही. माझ्या सरळ, निर्दोष जाळीच्याही भिंतींना जाडी आहे. दोन्ही दिशांच्या धरल्या तर एकूण जागेचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याच व्यापतात. तेवढं दिल्याशिवाय धुकं जात नाही, म्हणून आपण ते देतो. पॉटरनी लपवली ती अटळ सावली. तिच्यापासून सुटका नव्हती, निदान त्यांच्या काळात नव्हती. ती डॉक्टरच्या नजरेआड केली म्हणजे रुग्ण नीट दिसला. मी लपवली ती टाळता येण्यासारखी.

टाळता येण्यासारखी होती का, यावरच सगळं येऊन ठेपतं. किरणांच्या क्षेत्रात अलारा नावाचं तत्त्व आहे. डोस ‘वाजवीपणे जितका कमी करता येईल तितका कमी’ ठेवावा, असं ते सांगतं. त्यातला अवघड शब्द ‘वाजवी’. आपल्याकडे दुकानांवर ‘वाजवी दरात’ अशी पाटी असते, तो दर वाजवी कुणी ठरवला ते पाटीवर कधी नसतं. पट्ट्या खाचांत बसवण्याच्या काळात खाच कापणारं हत्यार झिजलं तर ते बदलायला महिने आणि ढीगभर पैसा लागे. साचा एकदा झाला की झाला. ‘चालवून घ्या’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाजूने निदान अडचण तरी होती. छपाईत साचाच नाही. भिंत उजवीकडे कलते असं दिसलं, तर संगणकातल्या चित्रात ती मुळातच तेवढी डावीकडे कलती काढायची. थंड होताना ती सरळ उभी राहते. एक फाइल बदलायची आणि पुन्हा छापायचं. आमच्या तंत्राचा आम्ही जगभर डंका पिटतो तो याच गोष्टीसाठी. म्हणजे ज्या यंत्राने मला नवं सामर्थ्य दिलं, त्यानेच माझी जुनी सबब काढून घेतली. आणि त्याच काळात सॉफ्टवेअर इतकं हुशार झालं की दोष लपवायला पूर्वी कधी नव्हती एवढी ऐसपैस जागा मिळाली.

माझ्या एका तरुण सहकारिणीला मी हे सगळं ऐकवलं. ती स्पष्ट बोलते. म्हणाली, तुझ्या त्या वाकड्या अकरा जाळ्यासुद्धा जुन्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या. त्या टाकल्या असत्या तर तीन आठवडे स्कॅनर अडकला असता. त्या तीन आठवड्यांत जुन्या यंत्रावर ज्यांचे स्कॅन झाले असते ते रुग्ण नाहीत का? त्यांचा डोस कुणी मोजायचा?

याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. तिचा मुद्दा खरा आहे. परिपूर्णतेचा हट्ट धरणाराही कुणाच्या तरी ताटातलं सांडत असतो, फक्त त्याला ते दिसत नाही. कदाचित तो लॉट पाठवणं बरोबरच होतं. पण मग मी ते तसं लिहायला हवं होतं. ‘कडेच्या घरांत चार टक्के नुकसान, तरीही पाठवतो, कारण अमुक’ असं. मी लिहिलं ‘नगण्य’. आकडा लिहिला असता तर दुसऱ्या कुणाला त्याच्याशी भांडता आलं असतं. शब्द लिहिला, त्यामुळे भांडणच मिटलं. अण्णांना फोनवर ‘फार नाही’ म्हणालो, तेही हेच होतं.

शिवाय एक गोष्ट तेव्हा माझ्या मनातून निसटली होती, खरं तर मी ती निसटू दिली होती. दिवसभर स्कॅन करून नळी तापते आणि किरणांचा उगम किंचित सरकतो. सरळ भिंतीला त्याचा फारसा फरक पडत नाही. कललेल्या भिंतीची सावली मात्र लगेच हलते आणि सकाळी केलेली दुरुस्ती दुपारी जुळेनाशी होते. मग चित्रात बारीक वर्तुळं उमटतात. तसं कुठे झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आलं नाही, यापलीकडे मी काही म्हणू शकत नाही.

साहेबांकडे गेलो तेव्हा जाळ्या यंत्रांत बसून गेल्या होत्या. यंत्रं सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण होती, परत मागवण्याचं कारण नव्हतं. साहेब समजूतदार आहेत. “पुढे काय करायचं ते सांग,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या त्या रकान्यात शब्द चालत नाही, टक्के लिहावे लागतात. एवढीच माझी क्रांती. सुरुवातीला लोक वैतागले. आता सवय झाली आहे. दोनदा असंही झालं की आकडा लिहिता लिहिता माणसाने स्वतःच कागद फाडला आणि फाइल बदलायला बसला. तिसऱ्यांदा आकडा लिहून सरळ पाठवून दिलं. तेही मी अडवलं नाही.

अण्णांचा स्कॅन स्वच्छ निघाला. जुना न्यूमोनियाचा डाग होता, बाकी काही नाही. गेल्या उन्हाळ्यात ते आणि आई इकडे आले होते. माझ्या टेबलावर एक टाकाऊ जाळी पेपरवेट म्हणून असते, आगपेटीपेक्षा लहान आणि हातात घेतली की दचकायला होईल इतकी जड. अण्णांनी चष्मा पुसला, ती खिडकीतल्या उजेडात धरली, पुढेमागे करत बराच वेळ पाहिली. घरांतून उजेड एकदम कुठल्या अंतरावर लागतो ते त्यांनी न सांगता शोधून काढलं.

“काम झकास आहे. टाकली का?”

“कडेच्या भिंती कलल्यात, अण्णा.”

“मला काही दिसत नाही.”

“नाही दिसणार. ३५ मायक्रॉन.”

त्यांनी ती पुन्हा उजेडात धरली. पस्तीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेला माणूस, ३५ मायक्रॉन हा त्यांच्या लेखी मोठा आकडा आहे. थोड्या वेळाने म्हणाले, “मिरजेच्या मशिनमध्ये असली कसली तरी पट्टी असेलच की. ती बघितली असेल ना कुणीतरी?”

“बघितली असणार.”

“हं,” म्हणाले, आणि जाळी परत कागदांवर ठेवली. जायच्या आदल्या दिवशी मात्र ती कट्ट्यावरच्या मित्रांना दाखवायला हवी म्हणून मागू लागले. मी दिली नाही. टंगस्टनचा तुकडा विमानतळावरच्या एक्स-रेत काळा ठिक्कर दिसतो. उगाच अर्धा तास उत्तरं देत बसावं लागलं असतं.